मूळ बघ आदी

जांबोटी सेक्शनला माझी बदली झाली
तेव्हा अळंबीतलं मला एवढंच कळत होतं
की खानापुरात स्टँडसमोर ती पानावर मिळते,
मोजून, वाटा शंभराला,
आणि घासाघीस केली की बाया तोंड फिरवतात.

म्हातारा पाऊस लागला होता.
अकरा हजाराच्या तारेवर जांभळीची फांदी.
ती तोडून उतरलो, तर खांबाच्या पायाशी
पांढऱ्या टोप्या, तीन.
मी वाकलो.
"का उपटूलाईस?"
मागं सगुणा येडगे, अंगावर कांबळ्याची खोळ,
हातात बांबूची चपटी कांब.

तिनं एकीच्या बुडाशी कांब घातली, उकरलं.
देठ लगेच संपला.
गळ्यात कडं, बुडाशी फाटकी पिशवी.
"हिला खाली घर न्हाई," ती म्हणाली.
मी शहाणपण केलं :
शिजवताना लसूण टाकतात ना,
विषारी असली की काळी पडते म्हणे?

तिनं कांब पानाला पुसली,
मग मातीला,
मग पुन्हा पानाला.
"आमच्या थोरल्या दिरानं टाकलीती लसूण.
पांढरीच राह्यली. शेवटपत्तर."
मग बराच वेळ नुसता पाऊस.

चार दिवसांनी तिनं खरी दाखवली.
वारूळ असं दिसतच नव्हतं, साधी जमीन,
वाळवी आत, खोल, आपल्या कामात.
टोपीला मधोमध टोक, भोवऱ्याच्या आरीसारखं.
उलटी केली तर पाती गुलाबीकडे झुकलेली.
कडं नाही. पिशवी नाही.
आणि देठ? देठ खाली जातच राहिला,
वीतभर, मग हातभर, बारीक, काळपट,
बोट पोचेना तिथवर.
"तुज्या खांबाची तार पुरतोस न्हवं
भुईत? तसं हाय हे.
मूळ बघ आदी. बाकी मग.
शंका आली की सोडून दे, उपाशी मरत न्हाईस."

कळ्या घेतल्या. पूर्ण उमललेल्या सोडल्या.
"वारुळालाबी काय तरी पायजे."

संध्याकाळी ऑफिसात हिरेमठ साहेबांनी पँटची माती पाहिली.
"अणबी सिक्कावेन्री?"
मी मान हलवली, होही नाही, नाहीही नाही,
आणि रजिस्टरात लिहिलं :
फांदी तोडली. लाइन चालू.
खांब नंबर टाकला.

तिच्या छपरावरून माझीच तार जाते
आणि घरात दिवा नाही.
जंगल खातं खांब रोवू देत नाही,
असं मी तिला सांगितलं,
जणू तिला ते ठाऊक नव्हतं.
तोंडातून निघून गेलं : फ्रीज असता तर...
"तुज्या फ्रिजात काळी पडून पाणी सोडत्यात.
धूर बरा माजा."

उभ्या फाडायच्या, सुरी लावायची नाही.
मीठ-हळदीच्या पाण्यात एक कढ,
केळीच्या सोपटात ओवायच्या, एकीला एक न चिकटता,
आणि चुलीवर टांगायच्या. किंजळीचं लाकूड, हलका जाळ.
आठ दिवस. कधी दहा.
मोडली की वाजली पाहिजे.
वाकली तर अजून ओल आहे, पुन्हा वर.
मग सुक्या भोपळ्यात, तोंडाला चिंधीचा बोळा.
एक माळ मला दिली. पैसे घेतले नाहीत,
टॉर्चचे सेल मागितले, दोन.

आता चैत्र. खानापूरचा ट्रान्सफॉर्मर जळालाय,
क्वार्टर्समध्ये अंधार, सगळे मला फोन करतायत.
मी वाडग्यात माळ भिजत घातली आहे.
पाणी चहासारखं झालंय,
धुराचा वास, आणि त्याच्याखाली मातीचा.
टॉर्च धरून एकेक फाळका उलटून बघतो,
मूळ शोधतो.
मुळं कुठली इथं? ती तिकडेच आहेत,
वाळवीच्या स्वाधीन.

कुठं, ते विचारू नका.
खांब नंबर रजिस्टरात आहे.
तो मी चुकीचा लिहिलाय.