तेवढाच तुकडा

रविवार, सकाळचे दहा, गणेश पेठेतलं श्रीकमल टॉकीज.
तिकीट ऐंशी रुपये. माणसं अकरा,
आणि झडपेतून आत आलेलं एक कबुतर,
ते पडद्यासमोरून उडालं की
नायकाच्या गालावरून सावली सरकायची.

पूर्वी इथे सायकलस्टँडवर पत्र्याचा बिल्ला मिळायचा.
आज पोरगा म्हणाला, काका, स्कॅन करा.
मी दहाची नोट दिली. त्याने उलटसुलट करून घेतली.

पिक्चर तोच. काळापांढरा.
मी आणि ढमढेरे, दोघंही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात,
पहिली पाळी सुटली की सायकली काढून तीनच्या खेळाला.
एकूण सात वेळा तरी.
प्रत वर्षाआड परत यायची, दर वेळी जास्त खरचटलेली.
भर उन्हातल्या सीनमध्येही पाऊस पडायचा तिच्यात.

आणि तिसऱ्या रिळाच्या शेवटी ती जागा:
ती दारात. हातात ट्रंक. तो पाठमोरा.
ती तोंड उघडते
आणि खट्.
एकदम आगगाडी, धूर, स्टेशन.
मधलं कुणीतरी कधीतरी कापून चिकटवलेलं.
पिटातून शिट्ट्या. ए ऑपरेटर, घरी नेलीस काय तिला!

मग परत, नव्या पुलावरून, शिवाजीनगरवरून,
ढमढेरे म्हणायचा, ती म्हणाली, मला थांबव.
मी म्हणायचो, छट्, शाप दिला तिनं. तोंड बघितलंस का तिचं?
वाकडेवाडीला त्याची चेन हटकून पडायची,
आणि काळ्या बोटांनी ती बसवतानाही
तो तिचंच वकीलपत्र घेऊन बसायचा.
पैज एका बनमस्क्याची. व्याज धरून वाढत गेली.
ढमढेरेच्या वहीत शेवटचा आकडा एकोणीस.

आजची प्रत धुऊन आणलेली.
कुणाच्या तरी माळ्यावर अख्खा डबा सापडला म्हणे.
पाऊस थांबलाय.
तिच्या कपाळावर देवीचा व्रण आहे
हे मला सत्तरीत कळलं.

आता रीळ वगैरे नाही, पण तिसरं संपत आलं
हे माझ्या पोटाला कळतं.
ती दारात. ट्रंक. तो पाठमोरा.
मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.
ती म्हणाली,
"छत्री राहिली."

आत गेली. खुंटीवरची छत्री काढली. निघाली.
आगगाडी. धूर.

मी बहुतेक मोठ्याने हसलो,
पुढची मुलगी वळून बघायला लागली.
आणि मग अगदी शेवटी,
स्टेशनच्या बाकावर ती छत्री,
जिच्यावरून दर वेळी आम्ही म्हणायचो
ही मध्येच कुठून आली, दिग्दर्शकाला अक्कल नाही.
अक्कल होती. तेवढा तुकडा नव्हता.

ढमढेरे आता वाकडला मुलाकडे, अकराव्या मजल्यावर.
कान गेलेत. मशीन लावतो, ते सुनेच्या समाधानासाठी.
मी तिकिटाच्या पाठीवर लिहिलं: छत्री राहिली.
त्याने चष्मा कपाळावर नेला, तिकीट नाकाशी धरलं.
बराच वेळ.
मग म्हणाला, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं,
"म्हणजे मीच जिंकलो!
ट्रंक भरणारी बाई छत्री विसरते होय?
एकोणीस बनमस्के. आण."

मी जोरजोरात मान हलवली.
शापच तो. परत आली आणि त्याला सोडून छत्री घेतली.
त्याला ऐकू येत नव्हतं.
पूर्वी येत होतं तेव्हाही फारसा फरक नव्हता.

मग त्याने तिकीट उलटं केलं, सीट नंबर वाचला,
आणि एकदम हळू विचारलं,
"ती आत आली तेव्हा
तो वळला का रे?"

मी बघितलं नव्हतं.
मी तिच्याकडे बघत होतो. किंवा तेव्हाच ते कबुतर आलं असेल मध्ये.

गुरुवारपर्यंत आहे, मी बोटांनी दाखवलं. चार दिवस.

सून चहा घेऊन आली, बिनसाखरेचा.
ढमढेरे पलंगाखाली पायाने
चपला चाचपत होता.