माया

रुवीच्या हायस्ट्रीटमागे, खुबूजवाल्याला लागून
माझी दोन मशिनं. पाटी अरबीत, धूळ इथली,
आणि गळ्यात साठ इंची टेप.
तिला कुणाचा पगार ठाऊक नाही.

केतकी मॅडम कुरूमहून येतात, गाडी चालू ठेवून.
"मास्टर, आत घ्या. अजून आत."
पंधरा किलो उतरवलेत.
एकेका किलोचा हिशेब सांगतात, फिटलेल्या हप्त्यासारखा.
मी हुंकार देतो. तोंडात टाचण्या असल्या
की माणूस कमी खोटं बोलतो.

"सगळं मनावर असतं, मास्टर.
आता हिचं बघा,"
दाराशी पिशव्या धरून वरलक्ष्मी,
"भाताचे डोंगर. ह्या लोकांना सांगून कळत नाही."
मराठीत म्हणाल्या, म्हणजे आमच्यातच राहावं.
वरलक्ष्मी एसीच्या गळत्या नळीकडे बघत होती.
माझं पोट मशिनच्या कडेला टेकलेलं.
मी ते हळूच आत घेतलं.

वहीत मॅडमना कंबर बत्तीस हवी असते.
मी बत्तीस लिहितो, चौतीस कापतो.
दोघांनाही माहीत आहे.

शुक्रवारी चारनंतर वरलक्ष्मी एकटीच आली,
मॅडमनी टाकलेले तीन कुर्ते घेऊन,
ओढणी डोक्यावर, बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
"थोडा छोडो, मास्टर."
मग एकच मराठी शब्द, जपून उच्चारलेला:
"जाडी."
सहा वर्षांत तेवढा शिकली होती.

जेवतेस कधी, विचारलं.
सगळे झोपले की. साडेअकरा. ओट्यापाशी, उभ्यानं.
पोरांच्या पिझ्झ्याचे काठ, भांड्याच्या तळचा भात,
आणि मॅडम सोडतात ते सगळं.
"टाकवत नाही ना."

शिवण उसवली.
आत माया होती, दोन्हीकडे बोटबोट,
ऊन न लागलेली, पाण्यात न विटलेली,
नवीकोरी जांभळी.
तिच्यापुढे अख्खा कुर्ता एकदम म्हातारा दिसला.
म्हटलं, हा पट्टा बाहेर दिसेल, चालेल?
म्हणाली, दिसू दे.

आणि तिसरा कुर्ता माझ्या हातातून काढून घेतला.
हा नाही सोडायचा. हा घालून गावी उतरायचंय,
घट्टच हवा.
आई दंड चाचपते आधी, पिशव्या मागून बघते.
सैल लागलं हाताला
तर रात्रभर विचारत बसेल, उपाशी ठेवतात का तिकडे.

वहीत लिहिलं: वरलक्ष्मी, एक्केचाळीस, दोन नग.
पुढे रकाना मोकळा होता. राहू दिला.

ती गेल्यावर कित्येक वर्षांनी
टेप स्वतःभोवती फिरवली,
आकड्यावर अंगठा ठेवला,
आणि शटर अर्धं ओढून
शंभर बैसांचे खुबूज आणायला गेलो.
गरम होते. वाटेतच दोन खाल्ले.