दात दाखवू नका

कुंभारीच्या माळावर, माकडांच्या केंद्रात
गाईड बोल्ली सांगत होता :
दात दाखवू नका, हसणं म्हणजे धमकी.
डोळ्याला डोळा भिडवू नका.
आम्ही सगळे तोंडं मिटून, अवघडलेले,
उन्हात रांगेनं.

आईला काहीच जड गेलं नाही.
चाळीस वर्षं सुपावर मान खाली,
रोजच्या हजार विड्या;
छाट काढणाऱ्या मुकादमापुढंही
तिनं कधी वर पाहिलं नव्हतं.

तेरा नंबरची म्हातारी माकडीण,
मदाऱ्याकडून सोडवलेली,
कमरेला अजून दोरीचा वळ,
जाळीशी आली.
आईचं बोट धरलं.
नखातली तंबाखू
निरखून निरखून टिपली.

बोल्लीनं वहीत वेळ लिहिली.

आणि आई हसली,
मिश्रीनं काळे झालेले सगळे दात दाखवून.

माकडीण हलली नाही.
दुसरं बोट मागत राहिली.