तयार म्हणजे

जालन्याच्या एमआयडीसीत, फेज दोनच्या टोकाला
मी सहा संस्थांचा नकाशा मांडून बसलोय.
रस्त्यांचा नाही.
कोण कुणाला काय देतं,
कुणाच्या होकारावर कुणाचं अडतं, त्याचा.

पडद्यावर बोट ठेवलं की चौकट उघडते:
जाफराबादकडचा बीजोत्पादक गट,
झंवरांचा प्लांट, शमीम काझींची उगवण-प्रयोगशाळा,
मिसाळांचं शीतगृह, दोन टेम्पोंची वाहतूक संस्था,
आणि नांदेडहून पाकिटं छापून पाठवणाऱ्या मुक्ता कंधारे.
बाण ओढला की ओढणाऱ्याचं नाव त्याला चिकटतं.
पुसला, तर पुसणाऱ्याचं.

पहिला महिना सगळे
आपापली चौकट ताणत होते, दोन बोटांनी.
झंवरांची इतकी फुगली
की शीतगृह पडद्याबाहेर गेलं
आणि मिसाळ खरोखरच रुसले.

मग लॉट एकशे बारा. मिरचीचं बी, नव्वद किलो.
सहाही चौकटी हिरव्या. तयार, तयार, तयार.
आणि दुकानात पाकीट नाही.

सगळ्यांना बोलावलं. चहा आला, खारी आली.
दगडूबा खरात म्हणाले, तयार म्हंजी काय,
वाळवलं, दाताखाली धरलं,
कट् वाजलं. झालं तयार.
झंवर म्हणाले, चाळणीतून गेलं, वजन झालं.
मिसाळ म्हणाले, रॅक मोकळा आहे, आम्ही कधीचे तयार!
टेम्पोवाल्यानं डिझेल भरलं होतं.
मुक्ताबाई फोनवर होत्या: पाकीट तयारच,
उगवणीच्या टक्क्याची तेवढी जागा कोरी.
शमीमबाई शेवटी बोलल्या.
ओल्या कागदात चारशे बिया निजवते,
चौदाव्या दिवशी मोजते.
तोवर ते तयार नसतं.
तोवर ते नुसतं असतं.

खरात हसले.
मपलं तयार येगळं, तुपलं तयार येगळं,
अन् शब्द एकच वापरायलो सहा जणं,
गल्लीत एकच घमेलं असल्यावानी.

मी तो शब्द पुसला.
सगळा नकाशा राखाडी पडला,
खोलीतले पाच फोन एकदम थरथरले,
नांदेडात सहावा.
आता प्रत्येकानं आपला शब्द द्यायचा.
चाळलं. मोजलं. छापलं.
खरातांनी लिहिलं: कट्.
मला वाटलं, गंमत. ती नव्हती.

शमीमबाईंनी त्याच शब्दावर बोट ठेवलं.
वाळवता कशावर?
ताडपत्रीवर.
किती वाजता?
ऊन चांगलं तापलं की.
त्या जरा गप्प झाल्या.
तीन हंगाम त्या अठ्ठावन्न, एकसष्ट लिहीत होत्या,
कागद प्लांटला जात होता,
प्लांटच्या फाइलीत नीट, तारखेनुसार,
आणि खरातांना कळत होतं एवढंच
की औंदा भाव कमी आला.

त्यांनी प्रयोगशाळेपासून सरळ जाफराबादपर्यंत बाण ओढला.
तो झंवरांच्या चौकटीवरून गेला, मधोमध.
झंवरांचं बोट पडद्याजवळ आलं.
पुसायची खूण तिथंच होती, दिसत होती,
आम्हाला सगळ्यांनाच दिसत होती.
त्यांनी आपली चौकट धरली
आणि बोटभर बाजूला सरकवली.
कुणी काही म्हणालं नाही.
खारीचा चुरा मी उगाच गोळा करत बसलो.

एकशे बारा गेलाच. पन्नासच्याही खाली.
मुक्ताबाईंची छापलेली पाकिटं
अजून माझ्या कपाटात आहेत.

पुढचं बी खरातांनी हिरव्या जाळीखाली वाळवलं.
रात्री अकरा चाळीसला मी नकाशा मिटायला गेलो
तर जाफराबादकडून कुणीतरी आत होतं.
प्रयोगशाळेची चौकट उघडली.
नववा दिवस.
मिटली.
पुन्हा उघडली.