ओलीची वजावट

नाथसागराच्या कडेला, सोसायटीच्या पत्र्याखाली
काटा लटकतो. वही माझ्याकडे.
फाटकं जाळं : किलोला बावीस.
बाटल्या, गुटख्याच्या पुड्या : नऊ.
ओलं असेल तर चौथाई वजा.
रोख हातात नाही,
नव्या जाळ्याच्या हप्त्यात वळते करायचे.

थर्माकोलला भाव नाही.
काट्यावर ते काही भरतच नाही,
आणि त्याच्यावरच तर बसून येतात सगळे,
तारेनं बांधलेल्या दोन पाट्या,
वल्ह्याच्या जागी हातात ताटल्या.

पहिल्याच आठवड्यात कडुबा लिंबोरेनं
गाळासकट जाळं आणलं, आत तीन गोटे.
मी गोटे काढून ओळीनं मांडले.
“कामून गं, गोट्यानं काय पानी खराब होत नई?”
तो हसला, मग रांग हसली.
मी गोटेही लिहिले वहीत. भाव : शून्य.

मग पैठणहून एक टेम्पो आला,
नऊ पोती कोरड्या बाटल्या,
एकीलाही शेवाळ नाही.
मी परत लावला.
अध्यक्ष दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
टेम्पो मेव्हण्याचा.

पावतीवर छापलंय : समुद्र वाचवा.
आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिलेला नाही.
आसराबाई म्हणते, दारं उघडली की
तुटलेलं जाळं नांदेडावरून पार खाली जातं,
लेक सासरी गेल्यावानी.
नांदतंय का नई, कळत नई.

बंदीच्या दिवसांत मासा धरायचा नाही,
तेव्हा जाळीच धरतात.
तळातून वर येतं ते रिकामं नसतं :
चिलापीचे काटे, एखादी जिवंत वाम,
पाणकावळ्याचा पंख.
मालक गेला तरी जाळं कामावर,
आणि त्या मासळीची नोंद
कुणाच्याच वहीत नाही.

काल कडुबा उशिरा आला.
बुडालेल्या गावाच्या पाराला अडकलेलं,
म्हणाला, दोन दिवस ओढत होतो.
“वजावट करू नको. वाळवून आणलंय.”
कधी नाही ते खरं बोलत होता.
मी चाळवून पाहिलं, गोटे शोधायच्या सवयीनं,
आणि काठाशी बोट थांबलं.

गाठ उलटी. डाव्या हाताची.
अख्ख्या भोईवाड्यात एकच माणूस अशी मारायचा,
आणि मी त्याच्याशेजारी बसून
सुई भरून द्यायचे.

कडुबा काही बोलला नाही.
त्याला वाळवतानाच कळलं असणार.

ब्लेडनं एक गाठ मी कापून घेतली,
वजनाच्या आधी. सोसायटीचा पैसा नको.
मग जाळं आकड्याला अडकवलं.
अकरा किलो चारशे.
दोनशे पन्नास रुपये ऐंशी पैसे, नावे कडुबा लिंबोरे.

“माझे वीस पैसे बुडवलेस,” तो म्हणाला,
आणि काटा हलायचा थांबेपर्यंत
पाण्याकडे बघत राहिला.