अकरा टक्के

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, दुडमशेठच्या टॉवेल कारखान्यात
एक कॉम्प्युटर आहे, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा.
त्याच्या पोटात मल्लेशमनी काढलेली चारशे डिझाइनं.
मल्लेशम आता नाहीत.

"काय करलालंय बघ की हे, सोमवारपासून,"
शेठ म्हणाले. निळा पडदा, पांढरी अक्षरं.
डिस्क तपासतोय. एक टक्का, चार टक्के, नऊ, अकरा –
आणि काळोख. मग एक बारीक बीप,
मग पुन्हा एक टक्का,
जणू मघाशी काही घडलंच नव्हतं.

तपासणी टाळायला दहा सेकंद मिळतात, कुठलीही कळ दाबा.
भूमय्या तीन दिवस तेच करत होता.
दाबायचा, काम उरकायचा, कुणाला बोलायचा नाही.
आज टाळूनही गाडी पुढे जाईना,
तेव्हा मला फोन.

झाकण काढलं. पंख्याभोवती सुताचे तंतू,
एक हातरुमाल सहज निघाला असता.
रॅम उपसली, शाळेतल्या खोडरबरानं घासली,
केबल बदलली, घड्याळाची बॅटरी बदलली
(तारीख एक जानेवारी दोन हजार दोन,
त्याच्या लेखी मी अजून बालवाडीत).
अकरा टक्के. काळोख. बीप.

बाहेर चोवीस माग खडखडत होते.
धागा तुटला की माग आपोआप थांबतो,
बाई येते, दोन टोकं चिमटीत धरते,
गाठ मारते, आणि कापड तिथूनच पुढे निघतं.
ह्याला गाठ मारता येत नाही.
हा तुटला की सगळं उसवून
पहिल्या धाग्यापाशी जाऊन बसतो.

चहा आला. मी कप ठेवला यूपीएसवर,
आणि वर बघितलं म्हणून दिसलं:
ट्यूबलाइट मिचकली.
पापणी लवावी इतकंच.
त्याच क्षणी पडदा काळा.

"शेजारच्या शेडात काय आहे?"
"वॉर्पिंग मशीन. नवी. सोमवारी बसवली."
"आणि हा यूपीएस?"
भूमय्या टेबलाखाली बघत म्हणाला,
त्यातली बॅटरी दोन वर्षांपूर्वीच काढली,
डबा ठेवलाय, उंचीला बरा पडतो.

म्हणजे डिस्क आजारी होतीच थोडी,
पण मरत होती ती दर वेळी दुसऱ्याच्या धक्क्यानं,
आणि उठली की पहिला प्रश्न स्वतःलाच:
माझं काय चुकलं?

"तेवढी मशीन पाऊण तास बंद ठेवा," मी म्हटलं.
शेठ उठले. एकटी तीच कशाला, म्हणाले,
आणि ऑफिसची लाइन सोडून सगळे खटके खाली ओढले.

माग एकेक करून निवले.
इतकी शांतता मी ह्या रस्त्यावर ऐकलेली नव्हती.
रस्त्यापलीकडे कुणीतरी शेंगा कुटत होतं.
बायका पदरानं मान पुसत दारात आल्या,
एकीनं विचारलं, "कोण गेलं?"
"कुणी नाही," भूमय्या म्हणाला, "अकरा टक्के झालेत."

बारा.
बारावर तो इतका वेळ थांबला
की शेठ तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला नाही.
मग तेरा. मग एकदम एकतीस. साठ. शंभर.

तीनशे नव्याण्णव डिझाइनं उघडली.
एकाचा फक्त तुकडा सापडला, नाव गेलेलं:
मोराची मान आणि अर्धा पिसारा,
खाली नुसत्या रिकाम्या चौकटी.
शेठनी बराच वेळ बघितलं.
"पुसू नको," म्हणाले.

सगळ्याची एका नव्या डिस्कवर प्रत काढली.
बिल साडेतीनशे, डिस्कचे वेगळे,
यूपीएसची बॅटरी उद्या, नक्की.
मी पिशवी भरली. शेठनी खटका वर केला.

ट्यूबलाइट मिचकली,
आणि आम्ही तिघांनीही, चपला अर्धवट पायात,
पडद्याकडे बघितलं.