दहाच

हॅलिफॅक्सचं हे मैदान उतारावर आहे,
पहिल्या हाफला चढ, दुसऱ्याला घसरण.
गुरुवारी संध्याकाळी ओल्या गवतावर
दोरीची शिडी अंथरतात ऑल्डरॉइड,
आणि मुली तिच्या घरांतून पाय टाकत जातात,
आत-आत, बाहेर-बाहेर,
लंगडीच, पण दोन्ही पायांची.
शर्वाणी शेवटच्या घरात अडखळते. रोज. त्याच घरात.

मग स्पंजचा चेंडू.
"टाळूनं नाही. कानशिलानं तर नाहीच.
इथं."
भुवयांच्या वर, केसांच्या खाली
ते बोट हवेतच धरतात, टेकवत नाहीत.

नेमकं तिथंच.
सहाव्या रात्री कोरा कागद नि पेन ठेवून
आई जागी राहिली होती आमच्या भाड्याच्या खोलीत,
सटवाईला इथला पत्ता सापडेल ना,
एवढीच तिची काळजी.
काय लिहून गेली, कोण जाणे.
आता त्या अक्षरांवर चेंडू येतोय.

"डोळे मिटू नकोस, पोरी.
तो तुला लागायच्या आत तू त्याला लाग."
ती मिटतेच. चेंडू नाकावर.

वहीत रेघा : चार उभ्या, एक आडवी,
पुन्हा चार उभ्या, एक आडवी. शिट्टी.
"अजून एकच!" मुली ओरडतात.
चेंडू तोवर जाळीत.

दहाच का, मी एकदा विचारलं.
त्यांनी हनुवटीनं गाडी दाखवली.
आत थोरला भाऊ, वॉल्टर. मांडीवर थर्मास.
अठरा हंगाम सेंटर हाफ,
पावसात भिजून वरवंटा झालेले कातडी चेंडू.
दर गुरुवारी तो माझं नाव विचारतो,
दर गुरुवारी मी सांगते,
आणि त्याला ते दर गुरुवारी आवडतं.
"चेंडूनं झालं की वयानं, मला काय ठाऊक.
मी डॉक्टर नाही, सुतार आहे.
सुतार मोजून कापतो."

आज नववा.
डोळे सताड उघडे. मान ताठ.
थप्.
चेंडू सरळ, जिथं धाडायचा तिथं.
आणि काचेआड, त्याच क्षणी,
वॉल्टरची हनुवटी आत गेली, मान पुढे आली,
मग त्यानं बाहीनं कपाळ पुसलं,
कोरडं कपाळ,
कधीचा तरी चिखल.

परतताना शर्वाणी म्हणाली,
"दहावा मी घेतलाच नाही. ठेवलाय.
पुढच्या वेळी अकरा देतील?"

नाही देणार.
मी वायपर सुरू केले.